वसईतलं बावखल बुजवावं का? (विहीर मचूळ झालीय, घरात दोन तट पडलेत)

सुकेळी | १२ एप्रिल, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबलाय, सांभाळून घ्या.

माझं माहेर वसईच्या पश्चिम पट्ट्यात, समुद्रापासून चालत वीस मिनिटांवर. गावाचं नाव लिहीत नाही, कारण निम्मं गाव नात्यातलं आणि त्यातले काहीजण इथे वाचतात. घरामागे वाडी, वाडीत विहीर, विहिरीपलीकडे बावखल. वसई ठाऊक नसलेल्यांसाठी: बावखल म्हणजे विहीर नाही आणि गावतळंही नाही. बागायतीला पाणी मिळावं म्हणून हाताने खणलेला पसरट, उतरत्या काठाचा खड्डा. पावसात काठोकाठ भरतो, मेमध्ये तळाला जातो. पूर्वी काठावर रहाट असायचा. आमचा रहाट फिरताना मी पाहिलेला नाही, त्याचे दोन दगडी खांब तेवढे पाहिलेत. एकाला काकीची कपड्यांची दोरी बांधलेली असते.

आमचं बावखल साधारण ४० मीटर लांब आणि २५ रुंद. बाबा म्हणायचे दोन पुरुष खोल. आता गाळ किती आणि खोली किती ते देव जाणे.

तीन उन्हाळ्यांपूर्वी चहात दूध फाटायला लागलं. काकीने आधी पातेल्याला दोष दिला, मग दूधवाल्याला. डाळ शिजेना तेव्हा विहिरीवर संशय आला. चुलतभावाने टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचं पेन आणलं: लिटरला २१८० मिलिग्रॅम. आता सूर्या नदीवरच्या धरणाचं नळाचं पाणी दिवसाआड येतं, त्यामुळे विहीर फक्त झाडांना आणि धुण्याला.

मग हाच चुलतभाऊ एक प्रस्ताव घेऊन आला. जवळच मोठं बांधकाम चालू आहे. त्यांचा ठेकेदार बावखलात मातीभराव फुकट टाकून देतो म्हणतोय. सपाट जागा झाली की लग्नाच्या हॉलवाल्यांना गाड्या लावायला भाड्याने द्यायची. भावाचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही: डास आहेत, मागच्या इमारतीचं सांडपाणी एका कोपऱ्यातून आत झिरपतं, आणि वाडीत राबायला कोणी उरलेलं नाही. सातबाऱ्यावर नऊ नावं आहेत, एक माझं. मी राहते ठाण्यात, त्यामुळे मी काही बोलले की "तुला काय, तू सणाला येतेस" हे ठरलेलं.

मला एवढंच कळून घ्यायचंय: बावखल बुजवलं तर विहिरीवर परिणाम होईल का? की ती गेलेलीच आहे आणि मी उगाच जीव अडकवून बसलेय?

उगाच_एक | १२ एप्रिल, रात्री ११:०५

जीव अडकवून बसलाय. नळ आला की विहीर गेली, सगळ्या गावांत हेच झालं. भाडं घ्या आणि मोकळे व्हा.

भूजलवाला | १३ एप्रिल, सकाळी ७:१५

ताई, माझी सगळी नोकरी भूजल खात्यात गेली, त्यातली काही वर्षं कोकणात. थोडं सविस्तर लिहितो.

आधी वसई नकाशावर बघा. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला उल्हास नदीचं मुख म्हणजे वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेची खाडी, पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर. तीन बाजूंनी खारं पाणी. तुमच्या पट्ट्यात वरती वाळू आणि माती, मधे शंखशिंपले घट्ट होऊन झालेला करळ, खाली काळा कातळ. पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर. तो वाळूत मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तवंगासारखा तरंगत राहतो. गोडं पाणी हलकं, समुद्राचं जड. फरक जेमतेम अडीच टक्क्यांचा, पण त्याच्यावर तुमच्या पणजोबांची केळी पिकली.

हिशोब असा: गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं. हेच उलट वाचा. वरची पातळी अर्धा मीटर उतरली, तर खालचं खारं २० मीटर वर चढायला बघतं. हा वाळूतला, कागदावरचा हिशोब. कातळात भेगा असतील तशी वाट फुटते. शिवाय हे एका उन्हाळ्यात होत नाही, वर्षं लागतात, आणि माणूस तिथेच फसतो. पंप चालू आहे, पाणी येतंय, पातळीही फारशी खाली गेलेली दिसत नाही. चव बदलते तोवर खालची गोष्ट बरीच पुढे गेलेली असते.

आता रहाटाकडे या. लोक त्याच्याकडे जुनी शोभेची वस्तू म्हणून बघतात. किनाऱ्यावरच्या पाण्यासाठी याहून समजूतदार यंत्र मी पाहिलेलं नाही, कारण त्याला दम लागायचा. रेडा थकला की पाणी थांबलं. तेवढ्या वेळात आजूबाजूच्या वाळूतून पाणी झिरपून परत भरायचं. बावखल पसरट ठेवलं तेही उगाच नाही. खोल खणलं असतं तर खारं लागलं असतं. पसरट खड्डा वरवरची साय काढतो, खालचं ताक ढवळत नाही. तीन अश्वशक्तीचा पंप तासाला वीस हजार लिटर सहज उपसतो आणि त्याला दम लागत नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: बावखल हे विहिरीचं पोट आहे. ते बुजवलं तर विहिरीची गोडी परत यायची जी थोडीफार आशा आहे तीही जाईल.

पाणकोंबडी | १३ एप्रिल, सकाळी ९:५०

भूजलवाला काका, "वरवरची साय" हे कुठेतरी लिहून ठेवते.

मला एक शंका. २१८० म्हणजे समुद्रच आत आलाय कशावरून? मागच्या इमारतीचं सांडपाणी झिरपतंय असं त्या स्वतःच म्हणतायत. तेही असेल की.

भूजलवाला | १३ एप्रिल, सकाळी १०:३०

बरोबर पकडलंत. टीडीएसचं पेन किती विरघळलंय ते सांगतं, काय विरघळलंय ते सांगत नाही. ताई, पाण्याची रीतसर तपासणी करून घ्या. भूजल खात्याच्या जिल्हा आणि उपविभागीय प्रयोगशाळा असतात. क्लोराइड, नायट्रेट आणि जंतू या तिन्हींचे आकडे मागा. क्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात. नायट्रेट ४५ च्या वर नको. क्लोराइड चढलं असेल तर समुद्र, नायट्रेट चढलं असेल तर संडास. दोन्ही चढले असतील तर दोन्ही.

नालासोपारा_पूर्व | १३ एप्रिल, दुपारी १:२०

धागा वाचून थोडा राग आला, लिहूनच टाकतो.

तुमच्याकडे बावखल होतं म्हणून तुम्हाला रहाट आठवतो. आम्ही २००६ ला नालासोपाऱ्यात फ्लॅट घेतला तेव्हा सोसायटीत नळाची जोडणीच नव्हती. टँकर. सकाळी सहाला जिन्यातून हाका, "आला, आला". महिन्याच्या मेंटेनन्सपेक्षा टँकरचं बिल जास्त. आम्ही मुंबईत परवडत नाही म्हणून आलो, वसईचं पाणी प्यायला नाही आलो. २००९ ला चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावं मिळून महापालिका झाली, २०११ च्या जनगणनेत १२ लाख माणसं. त्यांना काय रहाटाने पाणी पाजणार?

आमच्या सोसायटीच्या फळ्यावर मी आकडे लिहून ठेवलेले ते देतो. सूर्याच्या दोन योजनांचे १०० आणि १००, उसगाव २०, पेल्हार १०, पापडखिंड १. झाले २३१ एमएलडी. (एक एमएलडी म्हणजे रोजचे दहा लाख लिटर.) यावर शहर कित्येक वर्षं चाललं. मग एमएमआरडीएची (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची) सूर्या योजना आली, त्यातून आपल्याला १८५. आता कुठे माणसासारखं अंघोळ करतोय. त्या पाइपाला नावं ठेवू नका.

सुकेळी | १३ एप्रिल, दुपारी ३:००

पाइपाला नावं ठेवलेली नाहीत हो दादा. आमच्या घरातही तेच पाणी येतं. पण तुमच्या जिन्यात आलेला तो टँकर कुठून भरून यायचा?

दहाचाकी | १३ एप्रिल, संध्याकाळी ६:४५

मी सांगतो, कारण मी भरायचो.

माझे दोन टँकर होते, आता एकही नाही. आपल्याच पश्चिमेच्या वाड्यांतल्या विहिरींवरून भरायचो. मालकाला फेरीमागे पैसे. केळीच्या लोंगराला मिळायचे त्यापेक्षा पाण्याला जास्त, आणि तेही रोज, रोख. कोणाला दोष देऊ? वाडीवाल्यांची मुलं बँकेत लागली, वाडीत कोण वाकणार. एका विहिरीवर दिवसाला वीस-बावीस फेऱ्या व्हायच्या, दहा हजार लिटरची एक.

एका मालकाची विहीर मेच्या शेवटी मचूळ झाली तेव्हा सोसायटीतून तक्रार आली. तो म्हणाला, चार दिवस थांब, बसेल. चार दिवसांनी खरंच थोडं बसलं. पुढच्या वर्षी आठ दिवस लागले. नंतर बसलंच नाही. तेव्हा हे गोड्या-खाऱ्याचं गणित माहीत नव्हतं. आज काकांचं वाचलं आणि ती विहीर डोळ्यासमोर आली.

पाणकोंबडी | १३ एप्रिल, संध्याकाळी ७:३०

दहाचाकी, हे लिहायला हिंमत लागते.

नव्यांना माहीत नसेल म्हणून: याच टँकरच्या उपशावरून वसईत मोठं रान पेटलं होतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीचं आंदोलन. धर्म, जात विसरून बायका रस्त्यावर आल्या होत्या. माझी आई मोर्च्याला गेलेली, मी कडेवर. पुढे फादर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले (२०२०, उस्मानाबाद) तेव्हा सगळीकडे त्यांच्या लेखनाचं कौतुक छापून आलं. आमच्या घरी मात्र ते "पाणीवाले फादर" होते. २०२४ च्या जुलैमध्ये गेले.

धामणीचा | १४ एप्रिल, सकाळी ८:१०

वसईतले दोन्ही पक्ष वाचले. तिसरा पक्ष मी.

सूर्या म्हणजे तुम्हाला नळ वाटतो. आमच्याकडे ती नदी आहे. धामणीला धरण, खाली कवडासचा उन्नयी (पाणी कालव्यात वळवणारा) बंधारा. धरण बांधलं ते डहाणू, पालघर, विक्रमगडच्या शेतीसाठी. सुमारे १४ हजार हेक्टर भिजणार असं सांगून आदिवासींच्या जमिनी गेल्या. आता एमएमआरडीएच्या योजनेचेच ४०३ एमएलडी खाली न्यायचं ठरलंय, १८५ वसई-विरारला आणि २१८ मिरा-भाईंदरला. त्याआधीचे २०० वेगळे. कालव्याच्या शेपटाला पाणी पोचत नाही म्हणून आंदोलनं झाली, ती तुमच्याकडच्या पेपरात आतल्या पानावर.

नालासोपारा_पूर्व, तुम्ही अंघोळ करा, तुमच्यावर राग नाही. आमचे अर्धे नातेवाईक तुमच्याकडेच मजुरीला आहेत, तेही तेच पाणी पितात. पण हाताशी असलेला साठा बुजवून वरून आमच्याकडे मागणार असाल तर ते पटत नाही. शहापूरचं उदाहरण आहेच. भातसा, तानसा, वैतरणा, मुंबईचं बहुतेक पाणी त्या भागातून जातं आणि उन्हाळ्यात तिथल्या पाड्यांवर टँकर.

नालासोपारा_पूर्व | १४ एप्रिल, सकाळी ९:००

धामणीचा, यावर माझ्याकडे उत्तर नाही. नळ सोडला की आता हे आठवणार.

चेन्नईकर | १४ एप्रिल, दुपारी १२:३०

मूळचा विरारचा, अकरा वर्षं चेन्नईत. इथे हा सिनेमा पुढच्या रिळापर्यंत बघितलाय.

शहराच्या उत्तरेला मिंजूर म्हणून भाग आहे. शहराला आणि कारखान्यांना पाणी हवं म्हणून तिथल्या नदीखोऱ्यात वर्षानुवर्षं विहिरी आणि बोअर उपसले. समुद्र जमिनीखालून कित्येक किलोमीटर आत आला. आता गंमत बघा: त्याच मिंजूरला २०१० मध्ये समुद्राचं पाणी गोडं करायचा १०० एमएलडीचा कारखाना सुरू झाला. आधी जमिनीतलं गोडं खारं करायचं, मग वीज जाळून समुद्रातलं खारं गोडं करायचं. २०१३ ला दक्षिणेला नेम्मेलीला तेवढाच दुसरा.

तरी २०१९ च्या उन्हाळ्यात शहराला पाणी देणारे चारही तलाव आटले. जुलैत जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणलं, एका गाडीत २५ लाख लिटर. आमच्या ऑफिसने सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं, कारण संडासात पाणी नव्हतं.

चांगलंही सांगतो. २००३ मध्ये तमिळनाडूने प्रत्येक इमारतीला छताचं पाणी जमिनीत सोडणं सक्तीचं केलं. बऱ्याच ठिकाणी कागदावरच झालं, पण जिथे मनापासून केलं तिथे विहिरी वर आल्या. आमच्या गल्लीत एक बाई आहेत, त्यांनी सगळ्या घरांची छतं त्यांच्या जुन्या विहिरीला जोडून घेतली. २०१९ ला आमच्या गल्लीत टँकर आला नाही.

वसईत आमच्या जुन्या इमारतीचं छत समजा १०० चौरस मीटर. दोन मीटर पाऊस, पाचवा हिस्सा वाया गेला धरला तरी १ लाख ६० हजार लिटर. दहाचाकीच्या भाषेत सोळा फेऱ्या. सगळ्या गटारात जातात.

उगाच_एक | १४ एप्रिल, दुपारी २:१५

पाऊस गटारातून समुद्राला जातो तसं बावखलातलं पाणीही जमिनीतून समुद्रालाच जातं ना? म्हणजे वायाच.

खाडीकाठ | १४ एप्रिल, दुपारी ४:४०

वाया कोणाच्या हिशोबाने?

आम्ही खाडीवर जाळी लावणारे. गोडं पाणी खाडीत आलं तरच खाडी, नाहीतर ती समुद्राची एक गल्ली. जिताड्याची पिल्लं गोड्या-निमखाऱ्या पाण्यात वाढतात. बोय, कोळंबी, निवट्या, सगळ्यांना ते मिसळलेलं पाणी लागतं. पूर्वी पहिल्या पावसाचं पाणी खाडीत उतरलं की जाळ्याला वजन यायचं. आता पहिल्या पावसाला खाडीत उतरतात त्या पिशव्या आणि काळं पाणी.

नळाचं पाणी वाढलं त्याचा सगळ्यांना आनंद, पण आलेलं पाणी जातं कुठे ते कोणी विचारत नाही. वरती आकडे आलेत. २३१ आणि १८५ मिळून ४१६. घरात आलेल्या पाण्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं असं धरायची पद्धत आहे. म्हणजे पूर्ण पुरवठा झाला तर ३३० च्या वर. आणि कित्येक वर्षं सगळ्या शहराला मिळून शुद्धीकरणाचं एकच केंद्र, बोळींजचं, ३० एमएलडीचं. उरलेल्याला नाल्याची वाट. नाला खाडीला. आमचं ताट तिथेच वाढलेलं.

भूजलवाला | १४ एप्रिल, संध्याकाळी ५:३०

खाडीकाठ यांनी मुद्द्याचं सांगितलं. त्यात तांत्रिक भर एवढीच: जमिनीतून समुद्राकडे हळूहळू जाणारं गोडं पाणीच खाऱ्याला बाहेर रेटून धरतं. ते जायचं थांबलं की समुद्र आत येतो. दारात उभा राहून कोणाला आत न येऊ देणाऱ्या माणसाला "रिकामा उभा आहे" म्हणण्यासारखं आहे ते.

जुचंद्रची_रांगोळी | १४ एप्रिल, रात्री ८:२०

आणि पुराचं काय? जुलै २०१८ विसरलात का सगळे? तीन दिवस वीज नाही, रेल्वे बंद, मिठागरातली माणसं होडीतून बाहेर काढली. सनसिटी-गास रस्ता तर दर पावसाळ्यात पाण्याखाली. बावखलं असती तर हे पाणी पोटात घेतलं असतं. सुकेळीताई, या एकाच कारणासाठी बुजवू देऊ नका!

भूजलवाला | १४ एप्रिल, रात्री ९:००

इथे मी थोडा विरोधी बोलणार. बावखलाच्या प्रेमापोटी त्याच्या डोक्यावर नको ते ओझं देऊ नये.

तुमच्या पट्ट्यात जुलैच्या मध्यापर्यंत जमिनीतलं पाणी जवळजवळ वर आलेलं असतं. बावखलं तेव्हा भरलेलीच असतात. ताईंच्या बावखलाला एक मीटर जागा रिकामी आहे असं धरलं तरी १० लाख लिटर मावतील. एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस झाला तर एक एकरावरच ८ लाख लिटर पडतात. म्हणजे एक बावखल जेमतेम सव्वा एकर सांभाळेल. जूनच्या पहिल्या सरींना त्याचा उपयोग नक्की आहे, २०१८ सारख्या दिवसांना फारसा नाही.

२०१८ चं दुखणं वेगळं. डोंगरावरून आलेलं पाणी पूर्वी रेल्वेच्या पश्चिमेला खारजमिनीत आणि मिठागरांत पसरायचं, भरती उतरेपर्यंत तिथे थांबायचं आणि ओहोटी लागली की उघाड्यांतून (बांधातल्या पाणी सोडायच्या दारांतून) खाडीत जायचं. थांबायच्या त्या जागेवर भराव पडला आणि नाले अरुंद झाले. पाणी तेवढंच, त्याला बसायला जागा नाही.

भराव मात्र एकच, ताई. तुमच्या बावखलात टाकायला निघालेली माती आणि खारजमिनीत पडलेली माती एकाच प्रकारच्या ट्रकमधून येते.

जुचंद्रची_रांगोळी | १४ एप्रिल, रात्री ९:२५

पटलं. पण सव्वा एकर तर सव्वा एकर! आमचं घर त्या सव्वा एकरात असतं तर?

सातबारा_उतारा | १५ एप्रिल, सकाळी ११:१०

कायद्याच्या बाजूने थोडं. मी वकील आहे, पण हा सल्ला नव्हे, गप्पा समजा.

पाणथळ जागांचे २०१७ चे नियम बावखलाच्या कामी येतील या भ्रमात राहू नका. त्यांच्या व्याख्येतून सिंचनासाठी मुद्दाम खोदलेले मानवनिर्मित साठे वगळलेले आहेत. बावखल बागायतीसाठी खणलं, हाच त्याचा गुन्हा. पक्षी येतात, बेडूक आहेत, भूजल भरतं, याला त्या व्याख्येत किंमत नाही.

१९९३ च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला बंधन आणलं, पण तोही उपशाबद्दल होता, भरावाबद्दल नाही.

तुमच्या हातात आहे ते वेगळंच. नऊ नावं आहेत आणि वाटप झालेलं नाही, तर मिळकत सामाईक. एका हिस्सेदाराला परस्पर तिचं रूप बदलता येत नाही. ठेकेदार फुकट माती टाकतो ते त्याला माती टाकायला जागा हवी म्हणून, तुमच्यावर उपकार म्हणून नाही. त्याला लेखी हरकत कळवा, पोच घ्या. न थांबल्यास दिवाणी न्यायालयातून मनाई मागता येते. आणि सातबारा नीट बघा. "बावखल" अशी नोंद आहे की नुसतं पोटखराब (लागवडीला अयोग्य जमीन)? पोटखराब असेल तर उद्या कोणीही म्हणेल, इथे काही नव्हतंच. आजच्या तारखेचे फोटो काढून ठेवा.

भावाशी भांडण मात्र कोर्टात नेऊ नका. मी माझ्या पोटावर पाय देऊन सांगतोय.

सुकेळी | २ मे, रात्री १०:१५

उशीर झाला, माफ करा. तपासणीचा कागद आला. क्लोराइड ८६०, नायट्रेट ६२, जंतूही आहेत. म्हणजे काका म्हणाले तसं, दोन्ही.

सातबाऱ्यावर नोंद पोटखराब.

रविवारी सगळे जमलो होतो. मी कागद पुढे ठेवला. भाऊ म्हणाला, बघ, मी सांगत होतो, विहीर मेलीय. मी म्हटलं, समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ हजार मिलिग्रॅम मीठ असतं. आपल्यात २१८०. सगळं समुद्राचंच धरलं तरी शंभर तांब्यांत सहा तांबे समुद्र आलाय, चौऱ्याण्णव अजून आपले आहेत. हे गणित मी गाडीत बसून तीनदा केलं होतं, कारण चुकलं असतं तर तो सोडणार नव्हता.

तो गप्प बसला. मग म्हणाला, "आणि डास?" ते खरंच आहे. त्यावर काकी बोलली, जी आजवर अशा बैठकीत चहा देऊन आत जायची: "आधी मागच्या बिल्डिंगचा पाइप बंद कर, मग डासांचं बोल."

ठरलं ते असं. सध्या भराव नाही. सहाजण नको म्हणाले, दोघे गप्प, भाऊ एक वर्ष थांबायला तयार. मागच्या सोसायटीला पत्र दिलंय, त्यांचा चेंबर फुटलाय हे त्यांनी कबूल केलं (तोंडी). विहिरीवरचा तीनचा पंप काढून अर्ध्या अश्वशक्तीचा बसवला, तोही सकाळी फक्त एक तास. घराच्या छताचं पाणी पाइपाने बावखलात. आणि पाऊस यायच्या आत गाळ काढायचा.

काका, गाळ किती काढू?

भूजलवाला | ३ मे, सकाळी ६:५०

गाळ तेवढाच. काळा, चिकट, वासाचा थर संपून मूळची वाळू लागली की थांबा. आता मशीन आलंच आहे तर अजून एक पुरुष घेऊ, हा मोह पडेल. घेऊ नका. आपल्याला खोली नको आहे. काठाचा उतार तसाच ठेवा, उभी भिंत किंवा काँक्रीट अजिबात नको. डासांसाठी गप्पी मासे.

आणि जंतू निघालेत, तर ते पाणी कोणीही पिऊ नका. झाडांना ठीक.

दहाचाकी | ३ मे, सकाळी ८:३०

ताई, जेसीबी लावू नका, काठ मोडतो. माणसं लावा. वाटलं तर मीही येतो, विहिरींचं थोडं देणं आहे माझ्याकडे.

सुकेळी | १९ मे, रात्री ९:००

गाळ निघाला. आठ दिवस, सहा माणसं आणि एक दहाचाकी (फावडं आमच्यापेक्षा बरं मारतात). खोली निघाली साडेतीन मीटर, म्हणजे बाबांचे दोन पुरुष बरोबर होते. गाळ वाडीतल्या केळींना घातला, थोडा भावाने जास्वंदीला नेला. कोणाला न विचारता नेला, म्हणजे त्याला पटलंय.

गाळात रहाटाचे मातीचे लोटे सापडले, अकरा. तीन अखंड. गळ्याला दोरीची खाच अजून तशीच.

खाडीकाठ | १९ मे, रात्री ९:२०

एक ठेव माझ्यासाठी.

चेन्नईकर | २१ ऑगस्ट, दुपारी १:००

धागा वर काढतोय. सुकेळी, पावसाळा अर्धा झाला, काय आकडा?

सुकेळी | २१ ऑगस्ट, रात्री १०:३०

बावखल काठोकाठ. दोन पाणकोंबड्या आल्यात (आयडी नव्हे, खऱ्या). मागच्या सोसायटीने चेंबर दुरुस्त केला, पण कोपऱ्यात वास अजून येतो, म्हणजे दुसरी कुठलीतरी गळती आहे. ती शोधतोय.

विहिरीचा टीडीएस परवा १३४०. तीन वर्षांत ऑगस्टचा आकडा कोणी मोजलाच नव्हता, त्यामुळे हा उतार आपल्या कामाचा की नेहमीच्या पावसाचा ते आत्ता सांगता येणार नाही. पुढच्या मेमध्ये २१८० शी ताडून बघू. भावाने वहीत तारखेवार लिहायला घेतलंय.

काकीने मला न सांगता पाणी उकळून त्याचा चहा करून बघितला. दूध फाटलं नाही. एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "अजून नाय."

भूजलवाला | २२ ऑगस्ट, सकाळी ६:४०

ताई, काकींना सांगा, जंतूंची तपासणी परत होईपर्यंत चहासुद्धा नको. बाकी त्यांच्या जिभेवर माझा पेनापेक्षा जास्त विश्वास आहे. वहीत तोही रकाना ठेवा.